वॉव हिट्स गाडीत लावा, वॉव वर्शिप चर्चला न्या

निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. वॉव या अमेरिकन ख्रिस्ती गाण्यांच्या सीडी सिरीजमधला एकच डबा घ्यायचा असेल तर हिट्सच्या नादाला लागू नका, वर्शिप म्हणजे उपासनेच्या गाण्यांमधला घ्या, आणि त्यातही निळा. हिट्स वाईट आहेत असं अजिबात म्हणणं नाही, पुणे-कोल्हापूर करताना माझ्या गाडीत दुसरं काही वाजतच नाही, पण ती ऐकायची गाणी आहेत आणि वर्शिपची म्हणायची आहेत. आता मी कोल्हापुरातल्या एका चर्चच्या तरुण संघात गिटार वाजवतो, समोर महिला मंडळ, पुढच्या बाकावर दोन-चार आज्ज्या, मागच्या बाकावर मोबाईल बघत बसलेली पोरं, उजव्या हाताला ढोलकी घेऊन आमचे मामा, तर माझा रिव्ह्यू तिथंच उभा राहून होणार. ज्यांना नुसतं हेडफोन लावून ऐकायचंय त्यांनी माझे स्टार उलटे करून वाचले तरी चालतंय.

ज्यांना ही भानगड माहीतच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत ख्रिस्ती पॉप, रॉक, वर्शिप सगळ्याला मिळून कंटेम्पररी ख्रिश्चन म्युझिक म्हणतात, तिकडं त्याची वेगळी रेडिओ स्टेशनं, वेगळे चार्ट, १९६९ पासून चालत आलेले वेगळे डव्ह अवॉर्ड, असा सगळा स्वतंत्र बाजारच आहे. १९९५ मध्ये या बाजारातल्या मोठ्या कंपन्या, ज्या एरवी एकमेकींच्या गिऱ्हाइकावर टपून असतात, त्यांनी एकत्र येऊन वर्षातली गाजलेली तीसेक गाणी दोन सीडीत घालून विकायला काढली. इंग्लंडात १९८३ पासून नाऊ नावाची अशीच सिरीज चालू होती, आयडिया तिकडची. पहिल्या अल्बमचं नाव वॉव १९९६ आणि तो बाजारात आला १९९५ च्या नोव्हेंबरात, म्हणजे कालनिर्णय कसं दिवाळीतच पुढच्या सालाचं येऊन भिंतीवर बसतं तसं, त्यामुळं डब्यावर २००३ लिहिलेलं असलं तरी आतली गाणी एक-दोन वर्षं आधीची समजायची. दरवर्षी एक असं चालत चालत हिट्स २०१९ वर गाडी थांबली. मधल्या काळात फाटे फुटले, गॉस्पेल १९९८ पासून, वर्शिप १९९९ पासून, मग ख्रिसमसचे. वर्शिपवाल्यांना साल नाही, रंगाचं नाव, ब्लू, ऑरेंज, ग्रीन, येलो, रेड असं. आमच्यात त्यांना निळी, केशरी, हिरवी असंच म्हणतात, मामा तर "ती जांभळाट काढ" म्हणतात आणि कुठली पाहिजे ते त्यांनाच कळतं.

खरेदीबद्दल एकच परिच्छेद, कारण त्यात सांगण्यासारखं कमी आणि वैतागण्यासारखं जास्त आहे. या सीड्या नव्या मिळत नाहीत, सेकंडहँडच बघाव्या लागतात. मी बऱ्याचशा ऑनलाईन विकणाऱ्या एकाकडनं मागवल्या, नाव घेत नाही, पॅकिंग एकदम टकाटक, आणि हिट्सचा एक डबा उघडला तर आत दोन्ही डिस्क दुसऱ्याच. म्हणजे दोन नंबरची डिस्क दोनदा. फोटो काढून पाठवला तर पलीकडनं उत्तर, सर दोन डिस्क मिळाल्या ना. मिळाल्या बाबा. दोनच मिळाल्या. तेव्हा डबा घेताना विकणाऱ्याला दोन्ही डिस्कचे फोटो शेजारी शेजारी ठेवून मागा, नंबर वाचता आला पाहिजे. दुसरं म्हणजे जुन्या डब्यांचे मधले दात हमखास तुटलेले असतात, डिस्क आत खुळखुळत येते आणि ओरखडे पडतात, पहिल्या दोन-तीन गाण्यांना काही होत नाही, शेवटच्या गाण्यांना ती अडकते, कारण सीडी आतनं बाहेर वाचली जाते आणि बाहेरच्या कडेला बोटं लागून लागून वाट लागलेली असते. ओरखडा गोल फिरलेला असेल तर सोडून द्या, आतनं बाहेर सरळ गेलेला असेल तर बऱ्याचदा चालून जातं.

आता हिट्स. हे ऐकायला बसलं की पहिल्यांदा कळतं की हे लोक पॉप किती गंभीरपणे करतात. एमी ग्रांटचंच घ्या. १९८२ चा तिचा एज टू एज, त्यातलं एल शद्दाय आमच्या घरात आईमुळं लहानपणापासून वाजायचं आणि ते तिचंच म्हणून आम्ही ऐकत आलो, पण लिहिलंय मायकल कार्ड आणि जॉन थॉम्प्सन या दोघांनी. तीच बाई १९९१ मध्ये बेबी बेबी घेऊन अमेरिकेच्या मुख्य हॉट हंड्रेड चार्टवर एक नंबरला गेली आणि तिकडच्या कर्मठ मंडळींनी डोक्याला हात लावला, हे काय ख्रिस्ती गाणं आहे काय म्हणून. गाणं तिनं आपल्या तान्ह्या पोरीवर लिहिलेलं. मायकल डब्ल्यू स्मिथ तिच्याच कळपातला, सुरुवातीला तिच्या बँडला कीबोर्ड वाजवायचा, त्याचं प्लेस इन धिस वर्ल्ड पण त्याच १९९१ ला मुख्य चार्टवर सहा नंबरपर्यंत गेलेलं. म्हणजे वॉव निघायच्या आधीच या लोकांना बाहेरचं दार उघडलेलं होतं, आणि सिरीज निघाली ती बरोब्बर त्या लाटेवर. त्याच्याही मागं जायचं तर लॅरी नॉर्मन, १९६९ ला अपॉन धिस रॉक काढणारा लांब केसांचा गडी, चर्चवाले त्याला दारात उभं करत नव्हते आणि रॉकवाल्यांना तो फार देव देव करणारा वाटायचा. त्याच्याशिवाय पुढचं काहीच झालं नसतं असं मानणारे पुष्कळ आहेत आणि मी त्यांच्यातला.

नव्वदच्या दशकातला माल खणखणीत आहे. डीसी टॉक नावाच्या तिघांनी १९९५ ला जीझस फ्रीक काढला, निम्मं रॅप, निम्मं ग्रंज, गिटार अशी करवतीगत येते की माझा भाचा, ज्याला चर्चला यायचं म्हटलं की पोटात दुखतं, तो म्हणाला हे कोण आहेत मामा, लई भारी. जार्स ऑफ क्लेचं फ्लड त्याच वर्षीचं, ते तर सेक्युलर रॉक रेडिओवर पण चाललं, अकूस्टिक गिटारवर एवढा जोर काढता येतो हे मला त्या गाण्यानं शिकवलं, उजव्या हाताचं मनगट सैल सोडून सोळा-सोळा मात्रांचं स्ट्रमिंग आहे, तीन मिनिटांत हात भरून येतो. स्टीव्हन कर्टिस चॅपमन हा माणूस म्हणजे डव्ह अवॉर्डांचं कपाट, पन्नासच्या वर आहेत त्याच्याकडं, इतकी दुसऱ्या कुणाला मिळालेली नाहीत, आणि तरी मला तो थोडा शाळेच्या मॉनिटरसारखा वाटतो, सगळं बरोबर करणारा. आवडणाऱ्यांनी रागवू नये.

पण तीस गाणी सलग ऐका आणि मग सांगा. पंधराव्याला माझं लक्ष जातं. कारण प्रत्येक कंपनीला आपापल्या गायकाला जागा हवी, त्यामुळं कधी कधी एखाद्या चांगल्या गायकाचं त्या वर्षातलं साधारण गाणं आत बसतं आणि ज्याचं खरंच गाजलं तो बाहेर. आवाजाचं पण तसंच, एक गाणं हळू, पुढचं अंगावर येणारं, खंबाटकी उतरताना एक हात स्टिअरिंगवर आणि एक हात व्हॉल्यूमवर. आणि दोन हजार सालानंतरच्या हिट्समध्ये एक साचा बसलाय, सुरुवातीला पियानोचे चार स्वर, मग पुटपुटल्यासारखा अंतरा, मग ड्रम, मग आकाशाकडं हात. ड्रम कुठं येणार हे बायकोनं बोट वर करून आधी सांगायला सुरुवात केली, एकदाही चुकली नाही.

या साच्यातलंच एक गाणं मात्र मी कधीच पुढं ढकलत नाही. मर्सीमी या बँडचं आय कॅन ओन्ली इमॅजिन. त्यांचा गायक बार्ट मिलार्ड, त्याचे वडील १९९१ मध्ये कॅन्सरनं गेले, त्यानंतर तो जिथं तिथं तेच वाक्य लिहीत राहायचा, आणि पुढं दुसरंच काहीतरी शोधताना जुन्या वहीत ते सापडून त्याचं गाणं झालं, १९९९ ला पहिल्यांदा बँडनं स्वतःच काढलं, २००१ च्या अल्बमवर आलं आणि मग थांबेचना. २०१८ मध्ये त्याच्यावर सिनेमा पण निघाला. आमच्यात आत्त्याच्या स्मरणाच्या उपासनेला चुलतभावानं ते फोनवर लावलं, फोन स्टीलच्या पातेल्यात ठेवला होता आवाज मोठा यावा म्हणून, इंग्रजी न कळणाऱ्या काकूसुद्धा शेवटपर्यंत बसून राहिल्या. पण कोण गायलं नाही बघा. कुणाला गाताच येत नाही ते, ते त्या एका माणसाचं त्याच्या बापाला उद्देशून आहे, आपण फक्त ऐकू शकतो. माझा मुद्दा इथंच सुरू होतो.

वर्शिपचा निळा डबा १९९९ चा. यात पॉप कंपन्यांचा संबंध कमी, इंटेग्रिटी, मारानाथा आणि व्हिनयार्ड या तिघी एकत्र आल्या, आणि या तिघींचा धंदाच मुळी चर्चमध्ये सगळ्यांनी मिळून म्हणायची गाणी करायचा. फरक लगेच कळतो. गायक मागं, घोळका पुढं. ध्रुवपद छोटं, दोनदा ऐकलं की तिसऱ्यांदा तोंडात बसतं, आणि चालीचा पल्ला असा की आज्जीपण म्हणू शकते आणि ज्याचा आवाज नुकताच फुटतोय तो पोरगापण. भजनात जे लागतं तेच हो, एकानं पुढं म्हणायचं आणि बाकीच्यांनी उचलायचं. हिट्सच्या गाण्यात उचलायला जागाच नसते, गायक एवढ्या हरकती घेतो की मागच्यानं नुसतं बघत बसायचं.

मॅट रेडमनची एक गोष्ट यासाठी सांगण्यासारखी आहे. इंग्लंडात वॉटफर्डला त्याचं चर्च, नव्वदच्या दशकात बँड, स्पीकर, सगळा जामानिमा जोरात. तिथल्या पाळकाला वाटलं की लोक आता गाणं ऐकायला येतायत, म्हणायला नाही, आणि त्यानं सरळ काही काळ साऊंड सिस्टिम आणि बँड बंदच करून टाकला. नुसते गळे. सुरुवातीला म्हणे सगळे अवघडून गप्प बसायचे, मग हळूहळू म्हणायला लागले. त्या काळात रेडमननं द हार्ट ऑफ वर्शिप लिहिलं. मी हे आमच्या पाळकसाहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "आपल्याकडं लाईट गेली की हे दर रविवारी होतंय की." आणि खरंच आहे, इन्व्हर्टरवर दोन पंखे आणि एक ट्यूब चालते, अँप नाही, तेव्हा जे गाणं उभं राहतं ते गाणं आपलं.

त्याच रेडमनचं टेन थाउजंड रीझन्स, २०११ चं, जोनस मिरिन बरोबर लिहिलेलं, त्याला २०१३ मध्ये दोन ग्रॅमी मिळाले. बायबलमधल्या स्तोत्र १०३ वर बांधलेलं. हे आम्ही पहिल्यांदा प्रॅक्टिसला काढलं तेव्हा मामांनी अर्धं गाणं नुसतं ऐकलं, पानाचा तोबरा एका गालातनं दुसऱ्या गालात सरकवला, आणि संथ केरवा धरला. बास. मी मूळ रेकॉर्डिंगसारखं अंतऱ्याला गिटार सोडून द्यायच्या बेतात होतो, त्यांनी मान हलवून नको म्हटलं, वाजवत राहा. मूळ गाणं पांढरी पाचच्या पट्टीतलं आहे, बायकांना जरा चढं जातं म्हणून आम्ही पांढरी चारला म्हणतो, आणि ढोलकीवर त्याला अशी मस्त डुलकी येते की तिकडच्या लोकांनी ऐकलं तर त्यांना पटणार नाही हे त्यांचंच गाणं आहे. क्रिस टॉमलिननं गाजवलेलं गुड गुड फादर घ्या, ते सहा मात्रांचं आहे, त्याला दादरा आयता बसतो, मामांना काही सांगावंच लागलं नाही. टॉमलिनला टाइम मासिकानं २००६ मध्ये जगात सगळ्यात जास्त गायला जाणारा कलाकार म्हटलं होतं, म्हणजे ऐकला जाणारा नाही, गायला जाणारा, कारण दर रविवारी हजारो चर्चमध्ये लोक त्याची गाणी तोंडानं म्हणतात. त्याचं हाऊ ग्रेट इज अवर गॉड २००४ चं, त्याचा स्वतःचा आवाज चांगलाच वरचा आहे पण गाणं खाली आणलं की चाल एकदम सरळ, चार कॉर्डमध्ये काम होतंय, नवीन शिकणाऱ्या पोरांना मी गिटारवर पहिलं तेच देतो.

आणि याच्या उलट्या बाजूला ओशन्स. हिलसाँग युनायटेडचं, २०१३ चं, टाया स्मिथ गायलीये, ख्रिस्ती चार्टवर एक नंबरला वर्षाहून जास्त ठाण मांडून बसलेलं गाणं. हेडफोनवर मला अजून काटा येतो. पण जवळजवळ नऊ मिनिटांचं आहे हे, सुरुवात इतकी खाली की आमच्या क्वायरमधल्या चांगल्या आवाजाच्या पोरींचे शब्दच ऐकू येत नाहीत, आणि शेवटाकडं तीच चाल एक सप्तक वर. मधला तुकडा परत परत येतो, दर खेपेला थोडा मोठा, आणि तो मोठा करायला लागतो ड्रमसेट, दोन कीबोर्ड, डिलेवाली गिटार. आमच्याकडं एक कॅसिओ आहे आणि त्याचं एक काळं बटण उठत नाही. तरी युवकांचा हट्ट होता म्हणून नाताळच्या आधीच्या रविवारी लावलं, पाचव्या मिनिटाला महिला मंडळ खाली बसलं, आणि शेवटी आम्ही चौघंच गात होतो आणि लोक बघत होते. गाणं चांगलं, आपल्या कामाचं नाही. हिट्सच्या नंतरनंतरच्या डब्यांत अशीच गाणी भरलीयेत, नाव वर्शिपचं, बांधणी स्टेडियमची.

डॉन मोएनबद्दल वेगळं लिहितो कारण आपल्याकडं हा माणूस सिरीजच्या आधीपासून आहे. त्याचा गिव्ह थँक्स १९८६ चा, इंटेग्रिटीच्या होसान्ना सिरीजमधला, आणि आमच्या भागात तो कसा आला माहितीये का, मिरजेत नर्सिंगला असलेल्या केरळच्या मुलींच्या कॅसेटांमधनं. एका कॅसेटवरनं दुसरी, दुसरीवरनं तिसरी, तिसऱ्या पिढीला त्याचा आवाज पाण्याखालनं येतोय असा यायचा तरी लोक पाठ करायचे. गिव्ह थँक्स हे नावाचं गाणं त्याचं नाही, हेन्री स्मिथ नावाच्या माणसानं १९७८ मध्ये लिहिलंय. त्याचं स्वतःचं म्हणजे गॉड विल मेक अ वे, बायकोच्या बहिणीचं पोर गाडीच्या अपघातात गेलं तेव्हा त्या घरासाठी लिहिलेलं. यात आवाजाची कमाल काही नाही, शेजारचे काका गातायत असंच वाटतं, आणि म्हणूनच ते कुणीही उचलतं. सिरीज ऐकताना मला सारखं वाटत राहिलं की पुढच्या वीस वर्षांत प्रॉडक्शन कुठच्या कुठं गेलं पण म्हणायला सोपं गाणं लिहिणं काही त्याच्यापुढं सरकलं नाही.

आता इथं आमचे मामा काय म्हणाले ते लिहिलंच पाहिजे. मामा देवल क्लबच्या मैफिली ऐकून मोठे झालेले, अल्लादिया खाँसाहेबांच्या गावचा माणूस, त्यांना सूर लागला नाही की खोकला येतो. हिरव्या डब्यातली एक अख्खी डिस्क त्यांनी ऐकली आणि म्हणाले, "सूर बराय रे यांचा, पण जागा कुठायत?" मी म्हटलं मामा ही जागा घ्यायची गाणी नव्हेत, ही सगळ्यांनी एकसाथ म्हणायची. तर म्हणाले, मग ते टिळकांनी केलंय की आधीच. आणि गप्प झालो मी. १८९५ ला बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी मिशनऱ्यांच्या सुरावटी बाजूला ठेवून अभंग, ओवी, पदं अशीच रचली, आमच्या उपासना संगीतात आजही त्यांची गाणी ढिगानं आहेत, पेटी आणि टाळ एवढ्यावर चालतात, पुढं एक मागं सगळे. १८५२ ला अमेरिकन मिशनरी वायल्डर साहेब कोल्हापुरात आले तेव्हा बरोबर जे सूर आले असतील ते आता कुणाच्या तोंडात नाहीत, आणि टिळकांचं पद लावलं की बाक हलायला लागतात. तरुण पोरांना हे जुनाट वाटतं, ठीक आहे, पण तीच पोरं व्हिनयार्डची तीन कॉर्डची गाणी फार मॉडर्न म्हणून म्हणतात, आणि बांधणी बघितली तर दोन्हीची सारखीच. आम्ही आता रविवारी एक टिळक आणि एक निळ्या डब्यातलं असं पाठोपाठ लावतो, मधे थांबतसुद्धा नाही, पट्टी तीच ठेवली की मामा केरवा चालूच ठेवतात.

गॉस्पेलचे डबे थोडक्यात आटोपतो. हे कृष्णवर्णीय अमेरिकन चर्चचं गायन, कर्क फ्रँकलिन वगैरे, कौशल्य म्हणाल तर अख्ख्या सिरीजमध्ये सगळ्यात वरचं, मामांना जागा सापडल्या त्या इथं. पण त्याला पस्तीस-चाळीस जणांचं क्वायर पाहिजे जे तीन भागांत गातं आणि हॅमंड ऑर्गनवर बसणारा माणूस पाहिजे. ऐका, शिका, चर्चला नेऊ नका. ख्रिसमसचे डबे डिसेंबरात कॅरल राऊंडला जाताना गाडीत लावायला झकास, बाकी वर्षभर कपाटात. त्यातला २००२ चा लाल माझ्याकडं आहे, पोरं दिवाळी संपली की मागायला लागतात.

कुणीतरी विचारणारच की अरे सीडी कशाला, सगळं फोनवर आहे. आहे ना, मीपण वापरतो. सिरीज बंद पडायला कारण तेच, प्लेलिस्ट फुकटात मिळाल्यावर दोन डिस्कचा डबा कोण घेतंय. लॉरेन डेगलचं यू से २०१८ चं, ख्रिस्ती चार्टवर शंभरावर आठवडे एक नंबरला, मी ते पहिल्यांदा फोनवरच ऐकलं, आणि आवाज ऐकून आधी वाटलं अडेलनं भजन काढलं काय. नायजेरियाच्या सिनाचचं वे मेकर तर २०१५ चं, ते मूळ आफ्रिकेतनं निघून लोकांच्या फोनवरनंच जगभर फिरलं, लॉकडाऊनमध्ये सगळीकडं तेच, २०२० चा डव्ह अवॉर्डचा साँग ऑफ द इयर पण त्यालाच, ना नॅशव्हिलचं, म्हणजे या धंद्याच्या अमेरिकेतल्या मुख्य गावचं, ऑफिस ना काही. आणि म्हणायला एक नंबर, चार नावं एकामागोमाग एक येतात, एकदा सांगितलं की विषय संपला, आमच्याकडं संडे स्कूलची बारकी पोरं ते मोठ्यांपेक्षा जोरात म्हणतात.

तरी डब्याचा एक फायदा फोनला नाही. फोन मला जे आवडतं त्याच्यासारखंच पुढं वाढत राहतो, चार दिवसांत सगळी गाणी एकाच चेहऱ्याची होतात. डब्यात दुसऱ्या कुणीतरी निवडलेलं असतं, नको असलेलं पण मधे येतं, आणि त्या नको असलेल्यातनंच मला व्हिनयार्डवाले सापडले, मी स्वतः होऊन त्यांना कधी शोधलं नसतं. दुसरं, आतल्या पुस्तिकेत प्रत्येक गाण्याखाली बारीक अक्षरात लिहिणाऱ्याचं नाव असतं. चष्मा लावून वाचावं लागतं पण वाचा. गाणारा वेगळा आणि लिहिणारा वेगळा हे एकदा कळलं की आपण गाणं शोधायला लागतो, गायक नाही, आणि क्वायर चालवणाऱ्याला तेच पाहिजे असतं.

स्टार द्यायचेच तर निळ्याला साडेचार, अर्धा कापला कारण काही गाण्यांत शेवटी उगाच टाळ्या आणि गर्दीचा आवाज ठेवलाय. केशरीला चार. हिरवीला साडेतीन, मामांच्या हिशोबानं तीन. हिट्समध्ये नव्वदच्या दशकातले डबे चार, दोन हजारनंतरचे तीन, शेवटच्या पाच-सहा वर्षांतले अडीच आणि ते पण प्रवासापुरते. गॉस्पेल पाच, पण वर लिहिलेली अट वाचून.

येलो माझ्याकडं नाही आणि चांगल्या अवस्थेत कुठं मिळेना झालाय. कोल्हापूर, इचलकरंजी, मिरज, सांगली भागात कुणाकडं पडून असेल तर सांगा, येऊन घेऊन जातो, बदल्यात माझ्याकडं हिट्सची ती दोन नंबरची जादाची डिस्क आहेच, पहिली हरवलेल्या माणसाला नाही पण दुसरी हरवलेल्याला नक्की उपयोगी पडेल.